टेन्शन नाही, ऊन लागलंय

खानदेशात माणसाला काहीही झाले तरी ते उन्हाने झालेले असते. डोके दुखते? ऊन लागले. चक्कर येते? ऊन. जावई जेवताना गप्प बसला? बिचारा उन्हातून आला. डिसेंबरच्या थंडीत एखाद्याला दरदरून घाम फुटला, तरी तो मे महिन्याच्या अंगात मुरलेल्या उन्हाचा, असे छातीठोक सांगणारा एक तरी काका प्रत्येक गल्लीत असतो. आता उन्हाला अगदीच निर्दोष सोडता येणार नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलर गरम हवा एका खोलीतून दुसरीत नेण्यापलीकडे काही करत नाही. पण बारा महिन्यांच्या सगळ्या दुखण्यांची फिर्याद एकट्या उन्हावर दाखल करायची, म्हणजे जरा अतीच होते.

ऊन पुराव्याअभावी सुटलेच, तर दुसरा संशयित पित्त. तिसरा गॅस. चौथी काल रात्री धाब्यावर खाल्लेली शेवभाजी. यांपैकी कोणीही गुन्हा कबूल करत नाही, म्हणून मग नजर लागली असावी असे ठरते आणि मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात. मनावर ताण आहे, ही शक्यता या यादीत येतच नाही. ताण पुण्या-मुंबईच्या लोकांना येतो. त्यांना लोकल पकडायची असते, पार्किंग शोधायचे असते. आमच्याकडे काय, सगळे निवांत.

हा निवांतपणा बघायचा असेल तर जळगावातल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी बाकावर बसावे. माझा नंबर यायचा होता, दार अर्धे उघडे होते आणि आमच्याकडच्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्यामुळे यावलकडच्या एका शेतकऱ्याची तपासणी सगळ्या बाकाने ऐकली. तक्रारी अशा : मान आखडते, पोट गच्च होते, जबडा दुखतो, रात्री दोनला जाग येते ती येते.

‘काही टेन्शन?’ डॉक्टरांनी विचारले.

‘मले कसलं टेन्शन, साहेब?’

‘घरी सगळं ठीक?’

‘एकदम. केळीच्या बागेवर करपा आला, तेवढंच. पोरीचं लग्न ठरता ठरता मोडलं. धाकट्याले पुण्याले नोकरी लागत नाही अन् गावात त्याले शेती करायची नाही. भावासंगे बांधावरून केस चालू आहे, तिची उद्या तारीख आहे. बाकी टेन्शन म्हणाल तर काहीच नाही.’

‘मग झोप का येत नाही?’

‘उन्हानं.’

‘ऑगस्ट चालू आहे.’

‘म्हणूनच तर आलो ना तुमच्याकडे. आता कशाचं ऊन?’

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पट्टी सोडवताना असा सुस्कारा टाकला की पुढचा नंबर त्यांचाच असावा असे वाटले.

या गृहस्थांच्या शरीरात जे चालले होते ते बिघाड नसून चोख सरकारी बंदोबस्त होता. फक्त तो चुकीच्या गावी लागला होता. समजा, हेच गृहस्थ सातपुड्यात यावलच्या अभयारण्यातून चालले आहेत आणि समोर वाघ आला. मेंदूतून हुकूम सुटतो, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात. हृदय धडधडू लागते, श्वास वाढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते, कारण आता पायांना इंधन हवे. पोटाचे काम तहकूब होते. वाघाच्या पोटात जाण्याची वेळ आली असताना आपल्या पोटातली भाकरी कोण पचवत बसणार? तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, खांदे वर चढतात, दातावर दात बसतात. थोड्याच वेळात कॉर्टिसोलही कामावर रुजू होते आणि साखरेचा पुरवठा चालू ठेवते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने ही लढा किंवा पळा अशी तयारी शंभरएक वर्षांपूर्वी मांडली. तयारी उत्तम आहे. माणूस पळतो किंवा वाघ कंटाळतो, दोन्हींपैकी काहीतरी घडते आणि अर्ध्या तासात बंदोबस्त उठतो.

पण वाघाऐवजी मोबाइलवर केळीचा भाव आला तर? भावाशी लढता येत नाही आणि भावापासून पळून जाता येत नाही, कारण बाग जमिनीत आहे. बंदोबस्त मात्र लागतोच. साखर रक्तात हिंडत राहते, खांदे कानाजवळ चढलेले तसेच, पोट तहकूब ते तहकूब. दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरचा भाव येतो, तिसऱ्या दिवशी रावेरचा. दिवसातून चार वेळा वाघ, आणि एकदाही धाव नाही. मग मान आखडणार नाही तर काय होईल?

केळीचे झाड तसे स्वभावाने भित्रे. उन्हाळ्याच्या शेवटी वादळी वारा सुटला की घड लागलेली बाग तासाभरात आडवी होते. थंडी पडली की घड निसवायचा थांबतो. म्हणून हवामानावर आधारलेला फळपीक विमा आला. ठरावीक काळात सलग काही दिवस पारा ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिला किंवा वर गेला, तर भरपाई. या विम्याने शेताला काय दिले ते शेतकरी जाणोत; मानसशास्त्राला त्याने एक नवा विषय दिला. थंडीने बाग करपू नये म्हणून रात्री बांधावर शेकोट्या पेटवून धूर करणारा माणूस पहाटे उठून, पारा खाली गेला का, म्हणून आशेने बघतो. खाली गेला तर बाग जाते, नाही गेला तर विमा जातो. दोन दिवस थंडी कडाक्याची आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या अंशाने ऊबदार, असे झाले की चादरीत गुरफटलेला माणूस कोवळ्या उन्हाला शिव्या देताना दिसतो. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी घाबरण्याची ही सोय वाघाकडेही नव्हती.

शहरात केळीच्या जागी सोने. जळगावचा सराफ बाजार लांबून लांबून लोक शोधत येतात तो सोन्याच्या चोखपणासाठी. २०२५च्या एप्रिलमध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा गाठला, तेव्हा या शहरात माणसांचे सरळ दोन भाग पडले. ज्यांच्याकडे सोने आहे त्यांना विकावे की थांबावे या विचाराने झोप येईना, आणि ज्यांच्या घरी लग्न होते त्यांना झोपेचा प्रश्नच उरला नाही. भाव चढला तरी छातीत धडधड, उतरला तरी धडधड. अधिवृक्क ग्रंथीला तेजी-मंदी कळत नाही.

ही गोष्ट हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी उंदरांवर शोधली. १९३६ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की, उंदराला थंडीत ठेवा, दमवा किंवा नको ते टोचा, त्रास कुठलाही असो, शरीराचा प्रतिसाद ठरलेला असतो. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसते, पोटात व्रण पडतात. ताणाचेच अभ्यासक रॉबर्ट सापोल्स्की यांनी याची मजेदार पूर्वपीठिका सांगितली आहे : सेल्ये उंदरांना सुई टोचण्यात कच्चे होते. उंदीर हातातून निसटायचे, मग केरसुणी घेऊन त्यांचा पाठलाग. टोचलेल्या औषधाने काय झाले ते राहिले बाजूला, डॉक्टरांच्या धसक्याने उंदरांची पोटे बिघडली. दवाखान्यात पांढरा कोट दिसताच रक्तदाब चढणाऱ्या आमच्या बंधूंना हे उंदीर जवळचे वाटतील.

पोटातल्या व्रणाचे पुढे आणखी एक झाले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवले की, त्यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. मार्शल यांनी तर १९८४ साली तो जंतू स्वतः गटकन पिऊन पोट बिघडवून घेतले आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. शेवभाजी निर्दोष सुटली, याचा धुळे-जळगाव महामार्गावर कोणी आनंदोत्सव केल्याचे मात्र ऐकिवात नाही. एक गोष्ट तेवढी चेष्टेच्या बाहेरची आहे. छातीवर दाब आला, घाम सुटला, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर तिला गॅस म्हणून ओवा चावत बसू नये. गाडी काढावी.

शरीर मनाचे बोलते, हा शोध कॅनन किंवा सेल्ये यांचा पहिला म्हणावा तर खानदेशाला त्यावर हरकत घेता येते. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा गीता प्रवचने त्यांनी कैद्यांपुढे दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आता गीतेचा पहिला अध्याय डॉक्टरच्या नजरेने वाचून बघा. अर्जुन काय सांगतो? अंग गळाले, तोंड कोरडे पडले, शरीराला कापरे भरले, अंगावर काटा आला, धनुष्य हातातून निसटते आहे, कातडीची आग होते आहे, डोके गरगरते आहे, उभे राहवत नाही. केसपेपरवर उतरवावी अशी यादी आहे ही. यात एकदाही तो ‘मला ऊन लागलं’ म्हणत नाही, म्हणून तो मोठा माणूस. समोर सारथी म्हणून कृष्ण होता हे खरे. पण आमच्याकडचा एखादा मामा असता तर त्याने कांदा फोडून हुंगायला दिला असता, युद्ध पुढे ढकलले असते आणि सातशे श्लोक वाचले असते. आणि ज्यांनी ही प्रवचने दिली आणि ऐकली, त्यांनी फेब्रुवारी ते जून म्हणजे अख्खा उन्हाळा धुळ्याच्या तुरुंगात काढला. तक्रारीला त्यांच्याइतके सबळ कारण तर कोणाकडेच नव्हते.

तिथून जवळच अमळनेर. या एका गावाने आजार आणि उपचार दोन्ही आखून ठेवले आहेत. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, चिंता कशाला करायची हे ठरवण्यासाठी. इथल्याच शिक्षणसंस्थेत जगन्नाथ गणेश गुणे शिकवत होते. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून त्यांनी आसने आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेले. योगी माणसाच्या पोटाचा एक्स-रे काढावा आणि रक्तदाब मोजावा, हे त्या काळात ना योग्यांना सुचले होते ना डॉक्टरांना. मग १९४५ साली त्याच अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याचेच पुढे विप्रो झाले. गावातल्या ज्यांनी तेव्हा चार शेअर घेऊन ट्रंकेत टाकले, त्यांच्या घरी पुढे लक्ष्मी आली. प्राणायाम आणि वनस्पती तूप, दोन्हींचे नाव काढले की अमळनेर आठवावे, असा समतोल दुसऱ्या गावाला साधलेला नाही. मात्र ओट्यावर बसून शेअरचा भाव बघणाऱ्या आजोबांचा श्वास पूरक, कुंभक, रेचक यांपैकी कशात असतो, हे स्वामीजींनी मोजलेले नाही. माझ्या अंदाजाने कुंभकात, म्हणजे रोखलेला.

आता ताण उतरवण्याची व्यवस्थाही गावोगाव झाली आहे. व्याख्याने होतात. जळगावात ताणतणावावरचे व्याख्यान असले की वक्ता बहिणाबाईंपासून सुरुवात करतो, मनाबद्दल त्या काय म्हणाल्या ते सांगतो, सभागृह त्याच्या आधीच पुढची ओळ म्हणते, आणि तिथेच लोकांना बरे वाटू लागते. त्यानंतरच्या तासाभरात वक्ता पडद्यावर जे तक्ते दाखवतो त्याने पुन्हा मान आखडते.

हास्यक्लबही आहेत. हे अस्सल मराठी मुलखातले पीक. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतल्या एका बागेत पाच माणसांवर सुरू केले. आधी विनोद सांगून हसायचे. दोन आठवड्यांत विनोद संपले. मग विनोदाशिवायच हसायचे ठरले, कारण खोटे हसले तरी शरीराला पुष्कळसा तोच फायदा मिळतो. आमच्याकडे अडचण वेगळीच आली. कारणाशिवाय हात वर करून हसायचे म्हटल्यावर पहिले दोन दिवस सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी एक जण आपल्या व्याह्याची गोष्ट सांगू लागला. तेव्हापासून क्लब जोरात आहे, फक्त व्यायाम बंद पडला आहे.

मेहरूण तलावावर सकाळी फिरणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. चालणे हे ताणावरचे सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचे औषध. अंगात जमलेला तो पळण्याचा हुकूम एकदाचा अमलात येतो. आमची माणसे चालतात, पण जोडीने आणि प्लॉटचे भाव बोलत. एका फेरीत जेवढा ताण उतरतो तेवढाच बोलण्यातून चढतो, हिशेब चोख. धुळ्यात ज्यांचे देहावसान झाले ते इतिहासाचार्य राजवाडे याबाबतीत जास्त शहाणे. जुन्या दप्तरांच्या शोधात महाराष्ट्रभर वणवण हिंडले आणि राग आला तेव्हा तो गिळला नाही, समोरच्यावर काढला. समोरच्याच्या रक्तदाबाची नोंद राजवाडे संशोधन मंडळात नसावी.

माझ्या धुळ्याच्या मामांना मुलाने पुण्याहून मनगटी घड्याळ पाठवले. ते हृदयाच्या ठोक्यांमधले अंतर मोजून ताण सांगते. मामा आयुष्यात कधी ताणात नव्हते. घड्याळ बांधल्यापासून दिवसभर आहेत. दुपारी घड्याळ थरथरले, ‘खोल श्वास घ्या.’ मामा म्हणाले, ‘तू कोन सांगणारा?’ यावर ठोके वाढले, घड्याळ पुन्हा थरथरले. मामींनी शेवटी ते काढून देवघरात ठेवले. तिथे ते दोन दिवसांनी बंद पडेपर्यंत अतिशय शांत होते.

घड्याळाचे म्हणणे तसे खोटे नव्हते. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की मानेतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला सबुरीचा निरोप देते. पण हे आमच्या आज्यांना घड्याळाने शिकवायला नको. धुणे आपटून झाले, पापडाचे पीठ कुटून झाले, सून माहेरी गेल्याचे कळले, की ओट्यावर टेकताना जो ‘माऽऽऽय वं!’ निघतो, त्यात श्वास घेणे एक मात्रा आणि सोडणे चांगले आठ मात्रा असते. शरीर सैल पडते, खांदे उतरतात, आणि शेजारीण विचारते, ‘काय व्हयनं वं?’ पुढचा अर्धा तास ती सांगते काय व्हयनं ते. यासाठी शहरात फी घेतात.

बायकांचे आणखी एक हक्काचे औषध म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात आणि झोक्याबरोबर सासरच्या एकेकाची गाण्यातून अशी काही हजेरी घेतली जाते की वर्षाचा गाळ निघतो. त्याच दिवशी, त्याच गावात, पुरुष पत्ते खेळायला बसतात. झोक्यावर जेवढे रक्तदाब उतरतात तेवढे पत्त्यांवर चढतात. मामांनी त्या दिवशी घड्याळ पुन्हा बांधले होते. तिसऱ्या डावाला त्याने, व्यायाम सुरू केला आहे का, असे विचारले, आणि मामांनी हातातली पाने झाकून ‘हो’ दाबले.

पण खरा उपाय हिवाळ्यात. भरीत पार्टी. शेतात पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात ती पांढरट हिरवी, हातभर वांगी ढकलायची, साल काळी पडली की सोलायची आणि लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची. या ठेचण्याला कोणी उपचार म्हणत नाही, हेच त्याचे गुण येण्याचे कारण. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने १९२९ साली पुस्तक लिहून सांगितले की, स्नायू आधी आवळून मग सैल सोडले की मनही सैल पडते. त्याने वांगे दिले नव्हते, नुसतेच मुठी आवळा म्हणाला होता. आमच्याकडे मुसळ हातात असते आणि खाली वांगे. ते वांगे त्या क्षणी व्यापारी आहे, तलाठी आहे की बांधावरचा भाऊ, हे ज्याचे त्याला ठाऊक. भरीत किती बारीक झाले आहे यावरून त्या वर्षीच्या हंगामाचा अंदाज येतो.

पार्टीचा एकच नियम, भावाचे बोलायचे नाही. गेल्या खेपेला कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात घेऊन सगळे मांडी घालून बसले होते. कोणाच्या तोंडी केळी नाही, सोने नाही, विमा नाही. अर्धा तास असा गेला की स्वामी कुवलयानंदांनी यंत्रे लावावीत. मग कोणीतरी सहज म्हणाले, वांगी आसोद्याची दिसतात. पलीकडून आवाज आला, आसोद्याची कशी, बामणोदची आहेत, देठ बघ. देठ बघण्यात आला. भाकरी हातातच राहिली, आवाज चढले, कानशिले लाल झाली, एकाचा हात थरथरू लागला, दुसऱ्याच्या तोंडाला कोरड पडली. वाघ आल्याची सगळी लक्षणे. रात्री अकराला भांडतच सगळे गाड्यांवर बसले आणि भांडण पाळधीपर्यंत ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून विचारले. सगळ्यांना गाढ झोप लागली होती, कोणाची मान दुखत नव्हती, एकाचे तर पोटही साफ झाले होते. वांगी बामणोदचीच होती, मात्र हे आसोद्यावाले अजून कबूल करत नाहीत.